नवा गिझर लावला की ईएलसीबी पडतो? आधी गिझरला दोष देऊ नका

तक्रार साधारण अशी असते. जुना गिझर गळायला लागला म्हणून नवा घेतला. कंपनीचा माणूस येऊन बसवून गेला. काही दिवस ठीक चाललं आणि मग एका सकाळी गिझरचं बटण दाबल्याबरोबर अख्ख्या घराची लाइट गेली. बोर्डात बघितलं तर ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा खटका, खाली. वर केला, राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कंपनीचा माणूस परत आला, म्हणाला, 'गिझर ओके आहे, तुमचं वायरिंग बघा.' वायरमन आला, म्हणाला, 'वायरिंगला काही झालेलं नाही, गिझर खराब आहे.' शेवटी कोणीतरी ईएलसीबीच बदलला. थोडे दिवस शांततेत गेले आणि पावसाची मोठी सर आली तशी पुन्हा तीच रड.

दोघंही खरं बोलत असू शकतात. गिझर चांगला, गिझरची वायर चांगली आणि दोष फाटकावरच्या दिव्यात, असं होतं; आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा होतं. ते कसं, हे एकदा ध्यानात आलं की शोध निम्म्यावर येतो. नाही आलं तर गिझर, ईएलसीबी आणि वायरमन आळीपाळीने बदलत बसायचं.

खाली सांगितलेल्या तपासण्यांसाठी डबा उघडावा लागत नाही. खटके खाली-वर करायचे, प्लग काढायचे आणि लिहून ठेवायचं, एवढंच. डीबीचं, म्हणजे सगळे खटके असलेल्या डब्याचं, झाकण उघडायचं काम वायरमनचं. मेन खटका खाली केला तरी मीटरकडून त्याच्यात येणारी वायर जिवंतच असते, हे विसरून लोक आत बोटं घालतात. आणि नळाला, फ्रिजला किंवा मिक्सरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर कसल्याही चाचण्या करू नका. मेन बंद करा, वायरमन बोलवा.

आधी पडलं काय ते बघा

'एमसीबी पडला' असं फोनवर सांगणाऱ्या बहुतेकांचा एमसीबी पडलेला नसतोच. डीबीत अरुंद, एकेरी खटके ओळीने असतात, ते एमसीबी. त्यांच्या एका टोकाला दुप्पट रुंदीचा एक खटका असतो, त्यावर 'टी' अक्षराचं छोटं बटण असतं आणि '३० एमए' किंवा '०.०३ ए' असं छापलेलं असतं. वायरमन याला ईएलसीबी म्हणतो, दुकानदार आरसीसीबी म्हणून देतो. वस्तू तीच.

एमसीबी पडतो तो जास्त भाराने किंवा शॉर्ट सर्किटने. २,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो, ३,००० वॅटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर. जुन्या लाइनीवर ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी असेल आणि त्याच लाइनीवर वॉशिंग मशीनही असेल, तर तो पडणारच. तिथे स्वतंत्र लाइन ओढणं हाच इलाज. गिझरला २.५ चौरस मिलिमीटर, मोठ्या इन्स्टंटला ४ ची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेसा एमसीबी. तो विषय इथेच संपला.

ईएलसीबीला मात्र तुम्ही किती वीज वापरता याच्याशी देणंघेणं नाही. वाण्याच्या वहीसारखा तो फक्त जमा-खर्च बघतो: फेजमधून जेवढा करंट घरात गेला, तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का? फरक १५ मिलीअँपिअरच्या आत असेल तर तो गप्प बसतो. ३० मिलीअँपिअरला त्याला पडावंच लागतं, तेही ०.३ सेकंदाच्या आत. मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो, म्हणून एका घरातला ईएलसीबी तक्रार करतो आणि तेवढीच गळती असलेल्या शेजारच्या घरातला करत नाही. हरवलेला करंट कुठे गेला हे त्याला कळत नाही. भिंतीतून गेला, गिझरच्या पत्र्यातून अर्थिंगला गेला की तुमच्या अंगातून जमिनीत गेला, त्याच्या दृष्टीने सगळं सारखंच.

गोम न्यूट्रलमध्ये आहे

गळती म्हटली की सगळे फेजकडे बघतात. फेजची वायर सोलली गेली, पाणी लागलं, करंट अर्थला गेला, खटका पडला. हा दोष सरळ असतो. त्या लाइनीचा एमसीबी वर केला रे केला की ईएलसीबी पडतो, आणि दोष सापडतो.

छळतो तो न्यूट्रल. समजा फाटकावरच्या दिव्याच्या बॉक्समध्ये न्यूट्रल वायरचं प्लास्टिक उतरलंय आणि ती ओल्या पत्र्याला किंवा अर्थच्या वायरीला टेकलीय. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात व्होल्टेजचा फरक जवळपास नसतोच, त्यामुळे एरवी काही घडत नाही. दिवा लागतो, पंखे फिरतात, टीव्ही चालतो. पण घरातल्या सगळ्या न्यूट्रल वायरी डीबीतल्या एकाच पट्टीवर येऊन मिळतात. कोणीतरी गिझर लावतो, ८.७ अँपिअर परत निघतात, पट्टीवर येतात, आणि तिथे त्यांना दोन वाटा दिसतात: एक सरळ ईएलसीबीतून मीटरकडे, दुसरी फाटकाच्या दिव्याकडे जाऊन तिथून जमिनीत. बहुतेक करंट पहिल्या वाटेने जातो. पण ८.७ अँपिअरपैकी ३० मिलीअँपिअर म्हणजे हजारातले साडेतीन भाग. तेवढे आडवाटेला गेले की खटका पडला.

आता १० वॅटचा एलईडी दिवा घ्या. तो सगळा मिळून ४०-४५ मिलीअँपिअर घेतो. त्यातले ३० आडवाटेला जायचे तर दोन तृतीयांश करंट वाट चुकायला हवा, तसं होत नाही. म्हणून दिवे-पंख्यांनी कधीच काही होत नाही, आणि गिझर, इस्त्री, ओव्हन लावला की घर अंधारात. नवा गिझर जुन्यापेक्षा जास्त वॅटचा असेल तर जुन्या गिझरवर वर्षानुवर्षं लपून राहिलेला दोष नव्यावर उघडा पडतो. दोष जुनाच, आळ नव्यावर.

यातली दुसरी अडचण म्हणजे बटण. भिंतीवरचं साधं बटण फक्त फेज तोडतं, डीबीतला एकेरी एमसीबीही फक्त फेज तोडतो. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणजे 'मी त्या लाइनीचा एमसीबी बंद करून बघितला तरी पडला, म्हणजे त्या लाइनीत दोष नाही' हा निष्कर्ष चूक आहे. उपकरण खरोखर वेगळं करायचं तर प्लग सॉकेटातून बाहेर काढायला हवा, किंवा त्याला डीपी स्विच असायला हवा, जो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. गिझरला, एसीला आणि पाण्याच्या मोटरला डीपीच बसवून घ्या. किमतीत फारसा फरक नाही आणि पुढच्या शोधात अर्धा दिवस वाचतो.

तपासणी

दिवसा करा, हाताशी टॉर्च आणि कागद ठेवा. घरातले सगळे प्लग बाहेर काढा. फ्रिज, राउटर, वॉटर प्युरिफायर, मोबाइलचे चार्जर, पलंगामागचा विसरलेला एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा. सगळे एमसीबी खाली. मग ईएलसीबी वर करा.

तो राहिला, तर एमसीबी एकेक करून वर करा, मध्ये मिनिटभर थांबा. एखादा वर केल्याबरोबर ईएलसीबी पडला, तर त्या लाइनीच्या फेजमध्ये गळती आहे. वायरीत, सॉकेटात किंवा कायम जोडलेल्या पंख्या-दिव्यात. लिहून ठेवा आणि वायरमनला थेट तिथेच न्या.

सगळे एमसीबी वर गेले आणि तो राहिला, तर आता इस्त्रीची चाचणी. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वात उपयोगी चाचणी हीच. गिझरचा प्लग काढलेला, किंवा डीपी बंद, याची खात्री करा. बेडरूममधल्या सॉकेटात इस्त्री लावा आणि फुल करा. ईएलसीबी पडला? इस्त्रीच खराब असेल अशी शंका राहते, म्हणून ती काढून पाण्याची इलेक्ट्रिक किटली किंवा इंडक्शन शेगडी लावा, शक्यतो दुसऱ्या खोलीत. तेव्हाही पडला, तर एकमेकांशी संबंध नसलेली दोन-तीन उपकरणं एकदम खराब झाली असं मानण्यापेक्षा घरात कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलाय असं मानणं शहाणपणाचं. गिझर सुटला. कंपनीच्या माणसाला परत बोलवू नका.

उलट, बाकी सगळी जड उपकरणं बिनतक्रार चालली आणि फक्त गिझर लावल्यावर पडतो, तर संशयित गिझरच.

मग उरलेले प्लग एकेक करून लावत जा. इथे एक छोटी युक्ती आहे: प्लग लावताना एखादं निर्दोष ठरलेलं जड उपकरण, म्हणजे ती इस्त्रीच, चालू ठेवा. एखाद्या उपकरणाच्या आत न्यूट्रल बॉडीला टेकला असेल तर त्याचं बटण बंद असतानाही नुसता प्लग लावल्याबरोबर ईएलसीबी पडेल. इस्त्री चालू नसती तर तो दोष दिसलाच नसता. (इस्त्री दगडी ओट्यावर उभी करून ठेवा आणि मध्येच फोन घेऊ नका.)

आणि पहिल्याच पायरीवर, म्हणजे सगळं काढलेलं, सगळे एमसीबी खाली, तरीही ईएलसीबी वर राहत नसेल तर? तेव्हाही बहुधा न्यूट्रलच. रस्त्यावरच्या बाकीच्या घरांच्या भारामुळे बाहेरून येणाऱ्या न्यूट्रललाच एक-दोन व्होल्ट असतात, आणि दोष पक्का असेल तर तेवढ्यावरही पुरेसा करंट अर्थकडे जातो. म्हणूनच काही घरांत तो संध्याकाळी, सगळ्यांचे एसी-गिझर चालू असताना राहत नाही आणि पहाटे निमूट राहतो.

दोष कुठे लपलेला असतो

पहिला प्रश्न मी हा विचारतो: ट्रिप सुरू व्हायच्या आधी भिंतीला भोक कुठे पाडलं होतं? नवा गिझर येतो तेव्हा बाथरूममध्ये ड्रिल येतं, आणि ड्रिल घरात आलंच आहे तर पडद्याचा रॉड, टीव्हीचा स्टँड, किचनमधलं मांडणीचं कपाट हेही उरकून घेतलं जातं. कन्सील वायरिंगचा पाइप सॉकेटापासून सरळ वर किंवा सरळ आडवा जातो. त्या रेषेत मारलेला स्क्रू न्यूट्रलला जेमतेम खरवडून जातो आणि शेजारच्या अर्थच्या वायरीला किंवा दमट भिंतीला टेकतो. शॉर्ट झाला असता तर तेव्हाच कळलं असतं. नुसता न्यूट्रल असल्याने ठिणगीही उडत नाही. तो स्क्रू मेन बंद करून काढून बघा. स्क्रूवर तांब्याचा डाग दिसला तर चोर सापडला. नुसता स्क्रू काढून ट्रिप थांबलं तरी तेवढ्यावर समाधान मानू नका, खरवडलेली वायर बदलायलाच हवी.

त्यानंतर घराबाहेरचे पॉइंट. फाटक, गच्ची, बाल्कनी, पार्किंगमधला सॉकेट. कोकणात आणि मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत या बॉक्समध्ये पाणी नसलं तरी दमटपणा असतोच, जोडावरची टेप सुटते, आत मुंग्या आणि पाली घर करतात. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत ट्रिप आपोआप थांबत असेल तर आतले पॉइंट सोडून आधी हेच उघडायला सांगा. पुणे-नाशिककडच्या बंगल्यांत गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचा बॅकअप कॉइल हा एक हमखास पत्ता. उन्हाळाभर त्याला कोणी विचारत नाही, पहिल्या ढगाळ आठवड्यात कोणीतरी बटण दाबतं आणि गंजलेल्या टर्मिनलमधून सगळं उतू जातं.

छताच्या पंख्याच्या कपाखाली चेपलेली वायर, जुन्या ट्यूबलाइटच्या पत्र्याच्या पट्टीत धार लागलेली वायर, सॉकेटच्या लोखंडी बॉक्समध्ये स्क्रूखाली दाबली गेलेली वायर, ही नेहमीची ठिकाणं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत आणखी एक प्रकार भेटतो. अर्थिंग नव्हतंच, म्हणून कोणा हुशार माणसाने थ्री-पिन सॉकेटात अर्थच्या पिनेला न्यूट्रलचाच तुकडा जोडून दिलेला असतो. ईएलसीबी नव्हता तोपर्यंत हे झाकून राहिलं. नूतनीकरणात ईएलसीबी बसवला आणि खरं अर्थिंग ओढलं की तो तुकडा ट्रिपचं कारण होतो. आणि ट्रिप होणं हे त्याचं सर्वात सौम्य रूप. मागे कुठे न्यूट्रल तुटला तर त्या तुकड्यामुळे फ्रिजच्या दाराला थेट २३० व्होल्ट येतात. असा सॉकेट दिसला की त्याच दिवशी काढा.

नवं उपकरण खरंच दोषी असेल तेव्हा

गिझरचा कॉइल म्हणजे धातूची नळी, आत तार, आणि दोन्हींच्या मध्ये ठासलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड करंट अडवते आणि उष्णता जाऊ देते, पण हवेतला ओलावाही शोषून घेते. गोदामात पावसाळाभर पडून राहिलेल्या नव्याकोऱ्या गिझरचा कॉइल म्हणूनच कधी कधी गळतो. दुसरं कारण जास्त दिसतं: टाकी भरायच्या आधीच बटण दाबलं गेलं. पाण्याशिवाय कॉइल मिनिटांत लालबुंद होतो, नळीला चीर जाते, आणि पुढे पाणी आत झिरपतं. नवा गिझर बसवल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. सोलापूर, मराठवाडा या भागांत बोअरच्या जड पाण्याने कॉइलवर क्षाराचा थर चढतो, त्याखाली नळी जास्त तापते आणि कुजते. तिथे वर्षातून एकदा कॉइल आणि अॅनोड रॉड (टाकीला गंजापासून वाचवणारी कांडी) बघून घेणं परवडतं.

कंपनीचा माणूस मल्टिमीटर लावून 'ओके' म्हणाला असेल तर त्याने नेमकं काय मोजलं ते विचारा. २,००० वॅटच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम येतो. तो आला म्हणजे तार तुटलेली नाही, एवढंच सिद्ध होतं. कॉइल आणि बॉडी यांच्यातली गळती मल्टिमीटरच्या बॅटरीएवढ्या व्होल्टेजवर बऱ्याचदा दिसत नाही. तिला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती तपासणारा मीटर, लागतो. वॉरंटीतल्या गिझरसाठी 'मेगर लावून दाखवा' असा आग्रह धरायला काहीच हरकत नाही.

बाकी उपकरणांची पावलं वेळेवरून ओळखू येतात. घरात कोणी नसताना, रात्री-अपरात्री, दिवसातून एक-दोनदा पडतो आणि बाकी काही कारण नाही, तर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज बघा. बर्फ वितळवणारा त्याचा छोटा हीटर काही तासांनी आपोआप चालू होतो आणि तोच गळत असतो. फ्रंट-लोड वॉशिंग मशीन गार पाण्यावर पूर्ण धुतं आणि गरम पाण्याच्या प्रोग्रामला थोड्या वेळाने घर अंधारात नेतं, तर आतला हीटर गेला. बोअरची सबमर्सिबल मोटर दाबल्याबरोबर पाडत असेल तर विहिरीत सोडलेल्या केबलचा जोड आधी तपासा, मोटर नंतर. पिण्याच्या पाण्याच्या मशीनखाली अॅडॉप्टर पडलेला असतो आणि वरून थेंब थेंब गळत असतं. हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, पण बघायला कोणी वाकत नाही.

इन्व्हर्टरची तऱ्हा निराळी. नवा इन्व्हर्टर बसवल्यावर त्याच्या लाइनीवरचा एक पंखा लावला तरी ईएलसीबी पडतो, असं असेल तर ती गळती नाही, जोडणीची चूक आहे. फेज ईएलसीबीच्या आधीच्या बाजूने घेतलाय आणि न्यूट्रल मात्र नंतरच्या पट्टीवर दिलाय. ७५ वॅटचा पंखा ०.३३ अँपिअर घेतो. तो सगळाच्या सगळा ईएलसीबीच्या वहीत एका बाजूलाच दिसतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट. न्यूट्रल टेकल्याच्या दोषात फक्त जड उपकरणं पाडतात, इथे दिवा-पंखाही पाडतो. हा फरक लक्षात ठेवला तर वायरमनच्या आधी तुम्हीच निदान कराल. दुमजली घरात वरच्या मजल्याला वेगळा ईएलसीबी बसवल्यावर जिन्याचा दिवा असाच वागतो, कारण त्याचा फेज खालचा आणि न्यूट्रल वरचा असतो.

कधी कधी एकही उपकरण दोषी नसतं. इन्व्हर्टर एसी, इंडक्शन, कॉम्प्युटर, मोठा टीव्ही, या प्रत्येकात विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो आणि तो कायम थोडा करंट अर्थला सोडत असतो. एकेकाचा किरकोळ, पण सगळ्यांची बेरीज ईएलसीबीला आधीच काठावर नेऊन ठेवते, मग काहीही लावलं की तो पडतो. ही बेरीज गळती मोजणाऱ्या मिलीअँपिअरच्या क्लॅम्प मीटरने मोजता येते, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र चिमट्यात धरून. साधा क्लॅम्प मीटर इतका बारीक मोजत नाही. कायमची बेरीज ९-१० मिलीअँपिअरच्या वर असेल तर घर दोन ईएलसीबींवर वाटून घ्यावं. त्याहून चांगलं म्हणजे गिझर, किचन, एसी यांना प्रत्येकी एक आरसीबीओ. त्यात एमसीबी आणि ईएलसीबी दोन्ही एकत्र असतात. दोष आला की तेवढीच लाइन बंद होते आणि बाकी घर चालू राहतं. खर्च जास्त आहे. पण नव्या घराचा किंवा नूतनीकरणाचा डीबी भरतच असाल तर फॉल्स सीलिंगच्या दिव्यांतले चार कमी करा आणि हे करा, असं मी बेधडक सांगेन.

तीन 'इलाज' जे करू देऊ नका

वैतागलेल्या घरमालकाला आणि घाईत असलेल्या वायरमनला तीन उपाय सुचतात, आणि तिन्हींनी ट्रिप खरोखर थांबतं. म्हणूनच ते पसरलेत.

एक, ईएलसीबी डायरेक्ट करणं. वरची वायर खालच्या वायरीला जोडून दिली की खटका नुसता शोभेचा. घर भाड्याने घेतलं असेल तर 'टी' बटण दाबून बघा. पुरवठा चालू असताना ते दाबल्यावर खटका पडला नाही, किंवा पडला पण दिवे तसेच राहिले, तर आधीच्या कोणीतरी हा उद्योग करून ठेवलाय किंवा खटका मेलाय.

दोन, ३० मिलीअँपिअरच्या जागी १०० किंवा ३०० चा बसवणं. ते आकडे आग लागू नये म्हणून, मोठ्या जागेच्या मेनला. माणसाचा जीव वाचवायला ३० च लागतो. दुकानातून आणलेल्या नव्या खटक्यावरचा आकडा स्वतः वाचा.

तीन, आणि हा सर्वात वाईट: उपकरणाची अर्थची वायर काढून टाकणं, किंवा तिसरी पिन मोडून दोन पिनांवर चालवणं. गळणारा करंट अर्थिंगमधून जात होता म्हणून ईएलसीबी पडत होता. आता त्याला जायला वाटच नाही, म्हणून सगळं शांत. गिझरचा पत्रा, नळ आणि त्यातून येणारं पाणी मात्र वाट बघत बसलेलं, ओल्या पायाने कोणी हात लावतो याची. तेव्हा ईएलसीबी पडेल, पण शॉक बसल्यानंतर पडेल.

वायरमनला काय सांगायचं

'ईएलसीबी पडतो, बघून घ्या' एवढंच सांगितलं तर तो येईल, खटका वर करेल, राहिला की पैसे घेऊन जाईल. त्याऐवजी तुमचा कागद दाखवा: कधी पडला, तेव्हा काय चालू होतं, पाऊस होता का, इस्त्रीच्या चाचणीत काय झालं. परवानाधारक वायरमन बोलवा आणि फोनवरच विचारा, मेगर आहे का? नसेल तर दुसरा बघा.

न्यूट्रलचा दोष शोधायची रीत ठरलेली आहे. मेन बंद करून न्यूट्रलच्या पट्टीवरच्या सगळ्या वायरी सोडवायच्या आणि एकेक वायर अर्थच्या विरुद्ध मोजायची. सगळी उपकरणं प्लगमधून काढलेली असावीत, नाहीतर मेगरचे ५०० व्होल्ट टीव्हीच्या पोटात जातील. कायम जोडलेले एलईडी ड्रायव्हर आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही आधी सोडवून घ्यायला सांगा. प्रत्येक लाइनीला किमान १ मेगाओहम तरी हवा. कोरड्या, धड वायरिंगला आकडा त्याच्या कितीतरी वर जातो. जी वायर काही हजार ओहम किंवा त्याहून कमी दाखवेल, ती लाइन चोर. मग त्या लाइनीवरचे बॉक्स मधोमध तोडत तोडत जायचं, म्हणजे अर्धी लाइन सोडवून मोजायची, मग तिची अर्धी. वायरी परत लावताना कुठली न्यूट्रल कुठल्या एमसीबीची यावर चिकटपट्टी लावून घ्या. पुढच्या वेळी याचे आभार मानाल.

ईएलसीबीच खराब असेल तर

असतो, पण क्वचित, आणि ही शंका सर्वात शेवटी घ्यायची. वायरमनला त्याच्या खालच्या दोन्ही वायरी काढायला सांगा, वरून पुरवठा तसाच ठेवून. खाली काहीही जोडलेलं नसताना तो वर राहत नसेल तर बदला. राहत असेल तर दोष खाली आहे, नवा आणून उपयोग नाही.

बदलायचाच असेल तर गळतीचा आकडा ३० मिलीअँपिअर, आणि अँपिअरचा आकडा मेनच्या एमसीबीएवढा किंवा त्याहून मोठा: २५, ४० किंवा ६३. कारण ईएलसीबी स्वतःला जास्त भारापासून वाचवू शकत नाही. इन्व्हर्टर एसी किंवा नवं वॉशिंग मशीन असलेल्या घरात 'ए' टाइपचा मागा. साध्या 'एसी' टाइपवर चौकटीत एक लाट काढलेली असते. 'ए' टाइपच्या चौकटीत लाटेखाली अर्ध्या लाटेचे दोन उंचवटेही असतात. दुकानदार 'दोन्ही सारखेच' म्हणाला तरी चौकट बघूनच घ्या. बसवून झाल्यावर वायरमन निघायच्या आत 'टी' बटण दाबून खटका पडतो का ते बघा, आणि मग महिन्यातून एकदा दाबत जा.